आमिष गळाला लावा, माणसाला नको

वाचकांचे प्रश्न

मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघांनी नदीकाठी किंवा तळ्यावर गळ टाकण्याचे कार्यक्रम घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवावं का, या विषयावर कोल्हापूर जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं गळाचा सराव असलेल्या आणि तरुण संघाचं काम पाहणाऱ्या जाणकारांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : अमेरिकेतल्या मंडळ्या शिकारीचे कॅम्प घेतात, हरणाच्या मटणाचं जेवण ठेवतात आणि त्यात सुवार्ता, म्हणजे येशूविषयीचा संदेश, सांगतात, असे व्हिडिओ आम्ही पाहिले. आमच्या संघातल्या एकाच्या घरी परवान्याची बंदूक आहे. दाजीपूरकडे एक रात्र मुक्काम करून ससा, रानडुक्कर असं काही करता येईल का? परवानगी कोण देतं? (एक वाचक, गडहिंग्लज)

करता येणार नाही आणि परवानगीही कोणी देणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्याच्या ९व्या कलमाने शिकारीवर बंदी आहे. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फास लावणं, जाळं पसरणं, हाकारा घालणं, आमिष ठेवणं हे सगळं शिकारीतच मोडतं, आणि जनावर हाती लागलं नाही तरी नुसता प्रयत्नसुद्धा. म्हणजे गलोलीने तितर पाडायला गेलेला पोरगाही त्यात आला. बंदुकीचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नसतो. ही गल्लत अनेकांची होते.

शिक्षेचं म्हणाल, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला, म्हणजे गवा, बिबट्या, मोर यांना हात लावला, तर कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, वर किमान २५ हजार दंड. दाजीपूर हे गव्यांसाठी राखलेलं जंगल आहे, तिथे बंदूक घेऊन शिरणंच अंगाशी येईल. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकराबाबत वनखातं शेतकऱ्याला लेखी परवानगी देऊ शकतं हे खरं. पण ती त्या शेतापुरती आणि त्या कारणापुरती असते, सहलीसाठी नसते. आणि "गावाकडून कोणीतरी रानडुकराचं मटण आणून देतो, ते जेवणात ठेवू" असाही एक बेत पत्रात होता. तोही सोडून द्या, रानातल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हाही गुन्हाच आहे.

अमेरिकेत तिथली राज्यं शिकारीचे परवाने विकतात, हंगाम ठरवतात, किती जनावरं मारायची याची मर्यादा घालतात आणि त्या पैशांतून जंगलं राखतात. तिथली मंडळी कायद्याच्या आत उभी असते. तेच इथे केलं, तर सुवार्तेआधी पंचनामा होईल. कोल्हापुरात शिकारीचा शौक एके काळी मोठा होता. शाहू महाराजांच्या काळात पाळलेले चित्ते काळविटांवर सोडत आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान संस्थानात नोकरीला असत. तो काळ गेला. (तसंही पवित्र शास्त्रात शिकाऱ्यांची गत फारशी बरी नाही. एसाव रानातून भुकेला आला आणि मसुराच्या आमटीवर ज्येष्ठपण विकून बसला.)

जंगलात जायचंच असेल, तर वनखात्याची रीतसर प्रवेश फी भरून, वाटाड्या घेऊन गवा बघायला जा. तिथे गाणी, प्रार्थनासभा, लाऊडस्पीकर काही नको. बाकी जे करायचं ते पाण्यावर करा.

प्रश्न : मग गळ तरी कुठेही टाकता येतो का? आमच्या गावात कोणी अडवत नाही. (तरुण संघ, कागल तालुका)

एकटादुकटा माणूस गळ टाकून बसला, तर कोणी अडवत नाही. वीस माणसं काठ्या घेऊन आली, की अडवतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. धरणांच्या जलाशयांतले मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला. त्या संस्थेने पैसे मोजून रोहू, कटला, मृगळ यांचं बोटुकली बीज सोडलेलं असतं. तुम्ही ओढून काढलेला दोन किलोचा कटला हा त्यांच्या वहीतला माल आहे. गावतळ्यासाठी ग्रामपंचायत, शहरातल्या तळ्यासाठी महापालिका, खासगी शेततळ्यासाठी मालक, असं ज्याचं त्याला विचारा. पंधरा दिवस आधी साध्या कागदावर अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ, माणसं किती, काठ्या किती, मासे ठेवणार की सोडणार, आणि कार्यक्रम मंडळीचा आहे हेही लिहा. पोच घेऊन ठेवा.

सर्वांत सोपं पडतं ते शेततळं. मालक किलोमागे दर ठरवतो, कड धरून बसायला जागा असते आणि मासा हमखास लागतो. नवख्यांना तेच बरं. राधानगरी आणि काळम्मावाडीच्या जलाशयांचा जो भाग अभयारण्यात येतो, तिकडे फिरकू नका. देवळाच्या घाटावर, नरसोबाच्या वाडीसारख्या ठिकाणी तर गळ काढायचाच नाही. तिथल्या माशांना लोक लाह्या घालतात. कायदा काय म्हणतो हा भाग वेगळाच, शेजारधर्म म्हणूनही ते करू नये.

जून ते ऑगस्ट कार्यक्रम नको. रोहू-कटल्याची वीण पावसाळ्यात होते, पोटात गाभोळी असलेली मादी काढली की पुढचा हंगामच काढला. शिवाय पाणी गढूळ आणि चढतं असतं.

एक गोष्ट आवर्जून करा. संस्थेतल्या किंवा गावातल्या एखाद्या जाणत्या भोई मामांना दिवसाची पूर्ण मजुरी देऊन बोलवा. कुठे कपारी आहेत, कुठे गाळ आहे, कुठे खाली जुनी बाभूळ बुडालेली आहे हे त्यांना माहीत असतं. ते शिकवायला आलेले आहेत, त्यांना कोपऱ्यात गाठून उपदेश करू नये. बायबलमधल्या लूकच्या ५व्या अध्यायात येशूने पेत्र या कोळ्याला, पुढच्या आपल्या शिष्याला, काही देण्याआधी त्याच्याकडे होडी मागितली. आधी मदत मागितली, हे आपण नेहमी विसरतो.

प्रश्न : वीस माणसांसाठी सामान किती लागेल? कणीक कशी मळायची? आमच्याकडे गेल्या वेळी तासाभरात सगळे कंटाळले. (एक वाचक, इचलकरंजी)

वीस माणसांना वीस काठ्या नकोत, दहा पुरे. दोघांत एक काठी दिली, की एक जण तरंगा बघतो, दुसरा आमिष लावतो आणि आपोआप बोलणं सुरू होतं. ज्या कामासाठी सगळ्यांना बोलावलं, ते तिथेच निम्मं होतं.

रिळाच्या काठ्या नवख्यांच्या हाती देऊ नका, अर्धा वेळ गुंता सोडवण्यात जातो. दहा-बारा फुटांचा सरळ, वाळलेला बांबू घ्या. शेंड्याला करंगळीएवढा जाड हवा. हिरवा बांबू जड असतो, पंधरा मिनिटांत मनगट दुखतं. तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) ०.२५ ते ०.३० मिलिमीटर जाडीचा, काठीच्या लांबीपेक्षा हातभर कमी ठेवा, म्हणजे मासा थेट हातात येतो. चिलापीला (तिलापियाला) ८ ते १० नंबरचे गळ, रोहूला ४ ते ६ नंबरचे. लक्षात ठेवा, नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. चाळीस गळ न्या, निम्मे दगडात अडकून जाणारच. शिशाचं वजन नुसतं तरंगा उभा राहील एवढंच, गळापासून वीतभर वर. तरंग्याला बाजारातला प्लास्टिकचा घ्या, नाहीतर ज्वारीच्या वाळल्या धाटाचा बोटभर तुकडा सोलून घ्या. थर्माकोल नको, तुटून पाण्यात पसरतो.

कार्यक्रमाआधी घरी बसून एक काम करा. प्रत्येक गळाची आतली उलटी नांगी पकडीने दाबून सपाट करा. दोन-चार मासे सुटतील, पण गळ बोटात गेला तर आला त्याच वाटेने परत निघतो. नांगी असलेला गळ मांसात रुतला, की डॉक्टरच लागतो.

आता कणीक. दहा काठ्यांना तीन तासांसाठी गव्हाचं पीठ ४०० ग्रॅम, कुटून चाळलेली शेंगदाण्याची पेंड १५० ग्रॅम, चमचाभर हळद, दोन चमचे भाजून कुटलेली बडीशेप, सुपारीएवढा गूळ. पाणी शिंपडत शिंपडत पुरीच्या पिठापेक्षा घट्ट मळा आणि ओल्या फडक्यात अर्धा तास झाकून ठेवा. मग त्यात कापूस विंचरून अगदी पातळ थरांनी, चिमूट चिमूट मिसळा. कापसाचे धागे कणकेला धरून ठेवतात. हे केलं नाही तर गोळी पाण्यात दोन मिनिटांत विरघळते, माणूस रिकाम्या गळाकडे बघत बसतो आणि मग तो कंटाळतो. तुमच्याकडे बहुधा हेच झालं असावं. चिलापीला हरभऱ्याएवढी गोळी, रोहूला लहान बोराएवढी. गोळी अशी लावा, की गळाचं टोक नखाला जेमतेम लागेल. पूर्ण पुरलं, तर ओढल्यावर टोक ओठात शिरतच नाही. चिलापीला गांडूळही चालतं, उलट जास्त चालतं. ते दोन ठिकाणी टोचून अर्धं लोंबतं ठेवा.

आदल्या संध्याकाळी आणि कार्यक्रमाच्या एक तास आधी त्याच जागी खाद टाका. भाताचा कोंडा २ किलो, पेंड अर्धा किलो, पाण्यात कालवून लिंबाएवढे गोळे करा, दर काठीमागे चार-पाच. जास्त टाकलं तर मासा पोट भरून निघून जातो.

गाठ मारताना गळाच्या कडीतून तंगूस ओवून पाच-सहा पीळ द्या, टोक मागे फिरवून फटीतून काढा आणि आवळण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी आवळली, तर घासून नायलॉन तापतो आणि तिथेच कमजोर होतो. मोठा मासा नेमका गाठीतच तोडून जातो.

दोन काठ्यांत दहा फूट अंतर. सगळे काठावर बसलेले हवेत, उभे नकोत, पाण्यावर सावली पडली की मासा सरकतो. तरंगा थरथरला की ओढायचं नाही. चिलापी आधी टोचून बघते. तरंगा तिरका होऊन खाली गेला, की मनगटाने हलका झटका. सगळ्या अंगाने ओढलं, तर मासा डोक्यावरून मागच्या झाडात जातो. असं दर वेळी एकदा तरी होतं आणि सगळे हसतात, तेवढं चालतं.

तासभर काहीच लागलं नाही, तर जागा बदलण्याआधी खोली बदला. तरंगा वीतभर वर सरकवा. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात, कटला वरच्या थरात. चिलापी उथळ, ऊन लागलेल्या पाण्यात असते.

प्रश्न : चिलापीलाच "पेत्राचा मासा" म्हणतात, हे खरं का? छोट्या बोधात सांगायला छान आहे. (रविवारच्या शाळेच्या शिक्षिका, कोल्हापूर)

गालीलाच्या सरोवरातल्या चिलापीच्या जातकुळीतल्या माशाला ते नाव पडलं आहे. मत्तय १७ मध्ये पेत्राने गळ टाकून काढलेल्या माशाच्या तोंडात नाणं सापडतं, त्यावरून. पण तो मासा प्रामुख्याने पाण्यातलं बारीक शेवाळ आणि जीव गाळून खातो, गळाला सहसा लागत नाही. म्हणून पेत्राचा मासा दुसऱ्या जातीचा असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. आपल्याकडची चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ मध्ये आणलेली. मुलांना सांगायचंच असेल, तर हे सांगा. या माशाची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात धरून वाढवते आणि त्या काळात फारसं काही खात नाही. हे खरं आहे आणि मुलांच्या लक्षात राहतं. चारही शुभवर्तमानांत गळाचा उल्लेख तेवढा एकदाच आहे. बाकी सगळीकडे जाळी आहेत.

प्रश्न : पाळकसाहेबांची भीती अशी, की कोणी बुडालं तर? आणि पालकही तेच विचारतात. (तरुण संघ, भोगावती काठ)

भीती रास्त आहे. जागा निवडतानाच निम्मी काळजी मिटते. बंधाऱ्यावर बसून गळ टाकायचा नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांबांमध्ये बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असतात. पावसाळा संपला की घालतात, पावसाळ्याआधी काढतात. बरगे घातलेले असताना फटींतून खाली जी ओढ असते, ती वरून दिसत नाही. वर पाणी आरशासारखं आणि खाली पाय खेचला जातो. बरगे काढायच्या दिवसांत तर चौकशी केल्याशिवाय नदीवर जाऊ नका. भोगावतीवर असाल तर आणखी एक. राधानगरी धरणाचे ७ दरवाजे स्वयंचलित आहेत, तळं भरलं की पाण्याच्या दाबानेच उघडतात. इतर दिवसांतही शेतीसाठी किंवा वीजघरातून पाणी सोडलं, की पात्र पाहता पाहता चढतं. सकाळी पाटबंधारे कार्यालयात फोन करून विचारा. पाण्याच्या कडेला एक काठी रोवून तिच्यावर खूण करा, अर्ध्या तासाने बघा. खूण बुडाली, तर सामान उचला. (पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी कोल्हापूरकरांना पाठ असते, पण ती पुरासाठी. गळवाल्याला एक फूटही पुरतो.)

दुसरी गोष्ट कोणी लिहीत नाही, ती विजेची. आपल्या नदीकाठी शेतीपंपांच्या मोटारी आणि वायरी पसरलेल्या असतात, काही ठिकाणी डोक्यावरून, काही ठिकाणी गवतातून. बारा फुटांचा ओला बांबू उचलला आणि वर तार असली, की संपलं. काठी उभी धरून चालायचं नाही, आडवी धरायची. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. पहिला गडगडाट ऐकू आला की काठ्या खाली ठेवून गाडीत किंवा पक्क्या घरात, झाडाखाली नाही.

बुडणाऱ्यासाठी पाच लिटरचे दोन रिकामे कॅन. प्रत्येकात पेलाभर पाणी, म्हणजे फेकता येतो. झाकण घट्ट, १५ मीटर दोरी बांधलेली. कॅन फेकायचा, उडी मारायची नाही. मुलांना लाइफ जॅकेट, भाड्याने मिळतात. बोटात गळ गेला, तर (नांगी दाबलेली असली की) मागे ओढून काढा, साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी. डोळ्याजवळ गेला तर ओढायचा नाही, पेला उलटा ठेवून वरून पट्टी बांधा आणि सरळ कोल्हापुरातल्या सीपीआर इस्पितळात न्या. साप चावला, तर आवळपट्टी नको, चिरणं नको. माणूस निजवून, हलू न देता इस्पितळात.

प्रश्न : सुवार्ता कधी आणि किती सांगावी? आधी सांगितलं तर कोणी येत नाही, नंतर सांगितलं तर "फसवून नेलं" म्हणतात. (एक वाचक, पन्हाळा तालुका)

आधी सांगा. निमंत्रणातच सांगा. आलेल्या पत्रांमध्ये सर्वांत जास्त गडबड इथेच दिसते. "नुसती मासेमारी आहे, या" म्हणून बोलवायचं आणि जेवणाआधी तास-दीड तास प्रवचन. मग पुढच्या वेळी कोणी येत नाही, आणि जो येत नाही तो गावात बोलतोच.

निमंत्रण एवढं साधं असू द्या : "रविवारी साडेतीन ते साडेसात. आमच्या मंडळीच्या तरुण संघाने गळ टाकण्याचा कार्यक्रम ठेवला आहे. मासे, भाकरी, जेवण. जेवणानंतर ज्यांना थांबायचं आहे त्यांच्यासाठी दहा मिनिटं येशूविषयी बोलणं आणि प्रार्थना. ज्यांना नको त्यांनी जेवून निघालं तरी काही वाटणार नाही. वर्गणी १५० रुपये." वर्गणी मुद्दाम घ्या. फुकटच्या जेवणात संशयाला जागा राहते, आणि ज्याने पैसे दिलेत तो पाहुणा नसतो, जोडीदार असतो.

आमिष हा शब्द आपल्याकडे दोन ठिकाणी ऐकू येतो, गळाच्या गोष्टीत आणि धर्मांतराच्या बातम्यांत. ओडिशाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा कायदा आला तेव्हापासून जबरदस्ती, फसवणूक आणि आमिष हे शब्द या विषयाला चिकटले आहेत. संविधानाचं २५वं कलम धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे आपल्याला काय वाटतं ते सांगता येतं, कोणाला खेचता येत नाही. कायदा नसता तरी हेच बरोबर होतं. लूकच्या ५व्या अध्यायात येशू पेत्राला माणसं धरण्याविषयी बोलतो, तिथला मूळ ग्रीक शब्द जिवंत धरण्याचा आहे. गळाला लागलेला मासा मरतो. म्हणून "आपण गळ, जग मासे" हा दृष्टान्त तरुण पोरं मोठ्या हौसेने सांगतात, तो सांगू नका. ऐकणारा शेजारी तिथे स्वतःला मासा समजून बसलेला असतो.

तेव्हा बक्षिसं, शाळेची फी, नोकरीची ओळख, औषधपाणी यातलं काहीही या कार्यक्रमाला जोडू नका. गरजूला मदत करायची तर वेगळ्या दिवशी, कोणतीही अट न घालता करा. काठ्या संघाच्या, कार्यक्रमानंतर परत. फोन नंबर गोळा करण्याची वही नको, "निर्णय" (येशूला स्वीकारल्याचा) लिहून घ्यायचे कार्ड तर मुळीच नको. ज्याला विचारायचं आहे तो काठीचा जोडीदार शोधत येतो. अठरा वर्षांखालचं कोणी आई-वडिलांशिवाय नको, लेखी संमती असली तरीही नको. फोटो विचारल्याशिवाय टाकू नका, प्रार्थनेचे फोटो तर काढूच नका.

बोलायचं जेवणानंतर. योहानाच्या २१व्या अध्यायात काठावर निखारे, मासे आणि भाकर आधीच तयार होती, आणि येशूने पेत्राला विचारलेला प्रश्न न्याहारी झाल्यावरचा आहे. आठ-दहा मिनिटं, एकानेच. रात्रभर जाळं टाकून काही न लागलेला पेत्र घ्या, तीन तास बसून दोन चिलाप्या काढलेल्या माणसाला तो लगेच कळतो. दुसऱ्यांच्या देवांविषयी एक शब्द नको, तुलनाही नको. प्रार्थनेआधी विचारा, "प्रार्थना करू का?" नको म्हणाले, तर चहा.

प्रश्न : दिवस कोणता ठेवावा, जेवण कसं? (महिला संघ, हातकणंगले)

सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, संकष्टी, श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार वगळा. बोलावलेल्या शेजाऱ्याने माशाला हातही लावला नाही, तर कार्यक्रम कोणासाठी? उपासनेनंतरचा रविवार, दुपारी साडेतीनपासून अंधार पडेपर्यंत, सर्वांत सोयीचा. संध्याकाळी मासाही चांगला लागतो.

पकडलेल्या माशांवर जेवण अवलंबून ठेवू नका. वीस माणसांसाठी ६ किलो रोहू आधीच सांगून ठेवा, साफ केल्यावर साधारण ४ किलो तुकडे पडतात. हळद, मीठ, सहा लिंबांचा रस आणि १५० ग्रॅम कांदा-लसूण चटणी लावून अर्धा तास ठेवा, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तळा, तेल दीड लिटर पुरतं. चटणीत मीठ असतं, वरचं मीठ हात राखून. पकडलेली चिलापी करायची असेल, तर पोटातला काळा पापुद्रा अंगठ्याने घासून पूर्ण काढा. कडवटपणा आणि चिखलाचा वास तिथेच असतो. मग मीठ आणि बेसन लावून चोळून धुवा. रोहूचे बारीक काटे लहान मुलांच्या घशात अडकतात, त्यांना पोटाकडचा तुकडा द्या. शाकाहारी पाहुण्यांचं पिठलं-भाकरी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या तव्यावर, आणि ते त्यांना दिसेल असं. पाण्याला वास येत असेल किंवा मेलेले मासे तरंगत असतील, तर तिथला मासा खायचा नाहीच, कार्यक्रमही दुसरीकडे न्या. महिला येणार असतील, तर जवळच्या घरातल्या किंवा शाळेतल्या स्वच्छतागृहाची सोय आधी विचारून ठेवा. ती नसली, की दुसऱ्या वेळी फक्त पुरुषच येतात.

प्रश्न : गळाला कासव लागलं तर काय करायचं? आणि मांगूर? (एक वाचक, शिरोळ)

कासव संरक्षित आहे, आपल्या नदी-तळ्यांतली मऊ पाठीची कासवं पहिल्या अनुसूचीत आहेत. गांडूळ लावलं की ती लागतात. तंगूस धरून वर लटकवू नका, पाठीच्या मागच्या कडेला धरून उचला, तोंडापासून हात लांब, चावा सोडत नाही. गळ ओठात असेल, तर पकडीने काढा. आत गिळला असेल, तर तंगूस तोंडाजवळ कापा आणि लगेच पाण्यात सोडा. फोटोसाठी थांबू नका. थाई मांगूर, म्हणजे मोठा काळपट-करडा, ठिपक्या ठिपक्यांचा, लांब मिशांचा, देशी मांगुरापेक्षा कितीतरी वाढणारा, त्याच्या पैदाशीवर देशात २००० सालापासून बंदी आहे. तो देशी मासे खाऊन टाकतो. लागला तर परत सोडू नका, दुसऱ्या तळ्यात तर नाहीच नाही. कोणता आहे ते ओळखता आलं नाही, तर भोई मामांना दाखवा.